ॲप म्हणतं ‘समोर मोकळं’ आणि गाडी येते: कॅमेऱ्याच्या भरवशावर रस्ता ओलांडताना वारंवार येणारी अडचण

तक्रार बहुतेक एकच असते. फोन छातीवर लावलेला आहे, कॅमेऱ्यातून समोरचं पाहून बोलून सांगणारं ॲप चालू आहे, अंध माणूस फाट्यावर रस्त्याच्या कडेला उभा आहे. ॲप गप्प बसतं किंवा ‘समोर मोकळं’ म्हणतं, माणूस पाऊल उचलतो आणि नाकासमोरून मोटरसायकल सुसाट निघून जाते. मग मला फोन येतो, “भाऊ, हे मशीन खोटं काऊन बोलते?” ॲप काढून पुन्हा टाकलेलं असतं, फोन बंद करून चालू केलेला असतो, घरातल्या पोरानं सेटिंग पाहिलेली असते. दोन दिवस बरं चालल्यासारखं वाटतं आणि परत तेच.

मी स्वतः पूर्ण अंध आहे, वर्धा जिल्ह्यात राहतो आणि आमच्या भागातल्या अंध मंडळींना फोन लावून देतो, काठी शिकवतो. या दुखण्यामागं कारणं बरीच आहेत. काही दहा मिनिटांत दुरुस्त होतात. एक-दोन अशी आहेत की कितीही महागडा फोन घेतला तरी जाणार नाहीत. लोक दोन्हींची सरमिसळ करतात, म्हणून दुरुस्ती केल्यावरही तक्रार उरते.

आधी एक नियम, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ॲपचं ‘आहे’ ऐका, त्याचं ‘नाही’ ऐकू नका. ‘ट्रक’ म्हटलं की थांबा. चुकून म्हटलं असेल तर दहा सेकंद वाया गेले, एवढंच. पण ॲप गप्प आहे याचे अर्थ अनेक निघतात: रस्ता खरंच रिकामा आहे, किंवा कॅमेरा भलतीकडे पाहतोय, किंवा गाडी एवढी लांब आहे की चित्रात तिचा ठिपकाही धड उमटत नाही, किंवा ॲप बंद पडलंय. कानाला हे सगळे सारखेच लागतात. म्हणून ‘रस्ता मोकळा’ ही घोषणा बंद करायची सोय असेल तर पहिल्यांदा ती बंद करा. गाडी दिसली तर सांग, नाही दिसली तर तोंड उघडू नको, एवढंच काम त्याला द्या.

ॲप चालू आहे का, हे आधी पाहा

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच आणि दुरुस्तीही सगळ्यात सोपी. अँड्रॉइड ९ पासून नियम असा आहे की ॲप मागे गेलं की त्याचा कॅमेरा तुटतो, ॲप बनवणाऱ्यानं वेगळी सोय केली असेल तरच चालू राहतो. ॲप मागे कशानं जातं? फोन आला म्हणून. स्क्रीन लॉक झाली म्हणून. खिशात घासून होमचा इशारा लागला म्हणून. बॅटरी कमी झाली आणि बचत सुरू झाली म्हणून. यातल्या कशाचाही धड आवाज येत नाही. रस्त्याच्या मधोमध असताना नातलगाचा फोन वाजला, तुम्ही तो कापला आणि चालत राहिलात, तर पुढचा सगळा रस्ता तुम्ही बंद कॅमेऱ्यावर ओलांडताय.

सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात तुमचं ॲप, त्यात बॅटरी, आणि तिथे निर्बंध नसलेला पर्याय निवडा. काही कंपन्यांच्या फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ वेगळं असतं, तेही चालू करा. स्क्रीन आपोआप बंद व्हायचा वेळ जितका वाढवता येईल तितका वाढवा. घराबाहेर पडताना ‘व्यत्यय आणू नका’ लावा. घरच्यांना सांगून ठेवा की या वेळात फोन लागणार नाही, नाहीतर तेच घाबरून पुन्हा पुन्हा लावत बसतात.

यापेक्षा मोलाची एक गोष्ट म्हणजे ‘टिक’. काही ॲप चालू असेपर्यंत दर सेकंदाला बारीक टिक देतात किंवा हलकं कंपन देतात. मी ज्याच्या त्याच्या फोनवर ही सोय आधी शोधतो. जे ॲप आपण चालू असल्याचं सांगत नाही ते रस्त्यावर वापरू नका, घरात डबे ओळखायला वापरा. टिक थांबली की पाऊल थांबलं पाहिजे. मधोमध असाल तर कानावर आणि काठीवर पुढे जा, पण ॲपची वाट पाहत उभे राहू नका.

कॅमेरा कुठे पाहतोय

फोन गळ्यात दोरीनं लटकवला तर चालताना तो झुलतो आणि हळूहळू खाली झुकतो. तो डांबर पाहत असतो, आपण समजतो रस्ता पाहतोय. शर्टाच्या खिशात ठेवला तर उलटं होतं. पोट पुढे असलेल्या माणसाचा फोन मागे रेलतो आणि कॅमेरा आभाळ पाहतो. हसण्यावारी नेऊ नका, आमच्या भागात हा दोष फार आहे. उन्हाळ्यात डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक किंवा बायांचा पदर लेन्सवर येतो, तोही यातलाच प्रकार. छातीवर दोन पट्ट्यांनी घट्ट बसणारी पाऊच घ्या. वेगळी मिळाली नाही तर शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यांवर शिंपी शिवून देतो.

बसवलेला कॅमेरा बरोबर पाहतोय का, हे डोळसाच्या मदतीनं अंगणातच तपासता येतं. समोर दहा पावलांवर कुणाला तरी उभं करा. ॲपनं ‘माणूस’ म्हटलं पाहिजे. आता त्याला खाली बसायला सांगा. बसल्यावर ॲप गप्प झालं तर कॅमेरा वर पाहतोय. मग त्याला तुमच्या उजव्या हाताकडे आडवं सरकायला सांगा, एकेक पाऊल, तोंडानं मोजत. फोन उभा लावला असेल तर साधारण पाचव्या पावलाला ॲप त्याला विसरतं. पाच पावलं म्हणजे माणूस अजून चांगला समोर आहे, त्याच्या मोजण्याचा आवाजही जवळजवळ समोरूनच येतोय. तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीनं तो गायब.

फोनच्या नेहमीच्या लेन्सची नजर उभ्या फोनमध्ये डावी-उजवी मिळून साधारण ५० अंश असते, आडव्या फोनमध्ये ६५ च्या आसपास. व्हिडिओ घेताना चित्र कापलं जातं, तेव्हा त्याहूनही कमी. आणि आपल्याला मारणारी गाडी येते कुठून? उजवीकडून, म्हणजे ९० अंशांवरून. समोर पाहणारा कॅमेरा पलीकडची पानटपरी दाखवेल, टेलिफोनचा खांब दाखवेल, पण डांबरावरून येणारी गाडी ती समोर येईपर्यंत तो दाखवणारच नाही. यात बिघाड काही नाही, लेन्सची रचनाच तशी आहे.

म्हणून वळावं लागतं, आणि इथे एक खोच आहे. लोक पूर्ण अंग फिरवून उजवीकडे पाहतात, डावीकडे पाहतात, परत समोर होतात. तेवढ्यात सरळ रेष हरवते आणि मग रस्ता तिरपा ओलांडला जातो. पाय हलवायचे नाहीत. दोन्ही टाचा डांबराच्या कडेला समांतर ठेवा, बोटं पलीकडे, आणि फक्त कमरेतून वळा. उजवीकडे वळून तीन टिक ऐका, डावीकडे वळून तीन टिक, पुन्हा उजवीकडे. फोन आडवा लावला असेल तर कमी वळावं लागतं, म्हणून मी बहुतेकांना आडवाच लावून देतो. काही ॲप आडव्या फोनवर चालतच नाहीत. तिथे इलाज नाही, जास्त वळा.

फोनच्या होकायंत्रावर दिशा धरणारं ॲप असेल तर चुंबकवालं कव्हर किंवा होल्डर काढून टाका. त्या चुंबकानं होकायंत्र सरळ भलतीकडे दाखवतं. लोखंडी कठड्याजवळ आणि विजेच्या डीपीजवळही (ट्रान्सफॉर्मर) त्याच्यावर विसंबू नका.

मोटरसायकल का सापडत नाही

आता जे दुरुस्त होत नाही ते. मला सगळ्यात जास्त वाद याच जागी घालावा लागतो, कारण लोकांना वाटतं पंधरा हजारांचा फोन चुकतो तर पन्नास हजारांचा चुकणार नाही. म्हणून हिशेब मांडतो.

आपल्याकडचा दुपदरी राज्यमार्ग ७ मीटर रुंद असतो. काठी घेऊन, खात्री करत चालणाऱ्याला सेकंदाला एक मीटर धरा, वर निघायला एखादा सेकंद. म्हणजे ८ सेकंद. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. आठ सेकंदांत सव्वाशे-दीडशे मीटर. तुम्ही सुखरूप पलीकडे पोचायचं तर निघताना ती गाडी एवढ्या अंतरापलीकडे असली पाहिजे, आणि ती एवढ्या अंतरावर आहे की नाही हे ॲपला तेव्हाच कळलं पाहिजे.

फोनवर चालणारी ओळखयंत्रणा सहसा मूळ चित्र घेत नाही. ती ते लहान करते, बऱ्याचदा ६४० पिक्सेलच्या चौकोनात बसवते, नाहीतर फोनला झेपणार नाही. आडव्या चित्राच्या ६५ अंशांत ६४० पिक्सेल, म्हणजे एका अंशाला जेमतेम दहा. समोरून येणारी मोटरसायकल पाऊण-एक मीटर रुंद. सव्वाशे मीटरवर ती चित्रात चार पिक्सेलची होते. ट्रक अडीच मीटर रुंद, तो अकरा-बारा पिक्सेलचा. ही यंत्रणा तपासण्यासाठी जगभर वापरला जाणारा कोको नावाचा चित्रसंग्रह आहे. त्यात ३२ बाय ३२ पिक्सेलपेक्षा लहान वस्तूला ‘लहान’ धरतात आणि बहुतेक यंत्रणांचे गुण त्याच गटात सगळ्यात कमी पडतात. आपला ट्रक त्या ‘लहान’पेक्षाही लहान आहे. मोटरसायकल तर धुळीचा कण.

भरवशानं ओळखायला रुंदीत पंचवीस पिक्सेल तरी हवेत असं धरलं, तर ट्रक पन्नास-पंचावन्न मीटरवर आल्यावर सापडेल. हातात उरले तीन सेकंद. मोटरसायकल सतरा-अठरा मीटरवर सापडेल. हातात उरला एक. तीन सेकंदांत माघारी फिरता येतं, एका सेकंदात काय करणार? आणि त्या एका सेकंदात ॲपला चित्र घ्यायचं आहे, ओळखायचं आहे आणि बोलायचं आहे. ‘उजवीकडून मोटरसायकल’ हे शब्द नुसते उच्चारायलाच सेकंदाहून जास्त लागतो. वाक्य पूर्ण होईपर्यंत ती तुमच्या पुढ्यात.

महागड्या फोननं यात फरक पडतो, पण थोडा. तो मोठं चित्र तपासू शकतो, जास्त वेळा तपासू शकतो, दुप्पट झूमची लेन्स असेल तर लांबचं मोठं करू शकतो. झूम केलं की नजर अर्धी होते आणि छातीवरचा फोन श्वासानंही हलतो, हे मात्र विसरू नका. महाग आयफोनमध्ये जो लिडार (प्रकाश सोडून अंतर मोजणारा सेन्सर) असतो तो पाचेक मीटरपर्यंतच मोजतो. खांब, दार, माणूस यासाठी उत्तम, हमरस्त्यावरच्या गाडीसाठी नाही. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन, जी २०१४ मध्ये आली, ती ध्वनिलहरींवर चालते आणि तिची झेप तीन मीटर. तिचं काम गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा सांगणं, फांदी, उभ्या ट्रकची मागची फळी वगैरे. ते काम ती चोख करते. तिच्याकडून येणाऱ्या गाडीची अपेक्षा धरणं चुकीचं.

फोटो पाठवून वर्णन सांगणारी ॲप तर रस्त्यासाठी मुळीच नाहीत. बी माय एआय स्वतःच सांगतं की रस्ता ओलांडायला याचा वापर करू नका. आमच्याकडच्या नेटवर्कवर वर्णन येईपर्यंत ते ‘रिकामा रस्ता’ मागच्या मिनिटातला झालेला असतो.

बोलायला लागणारा वेळ मात्र कमी करता येतो. शब्दांऐवजी कंपन किंवा एकच टोन लावा, उजवीकडे एक आणि डावीकडे दोन असं ठरवा. बोलणं ठेवायचंच असेल तर मराठी आवाज फोनमध्ये उतरवून घ्या, म्हणजे नेट गेलं तरी अडणार नाही, आणि वेग वाढवा. टॉकबॅक (अँड्रॉइडमधला स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज) आणि ॲप एकावर एक बोलत असतील तर रस्त्यावर टॉकबॅकचा आवाज कमी ठेवा. ब्लूटूथचे इअरफोन थोडा उशीर घालतात, पाव सेकंदाच्या आसपास. कान बुजवणारे तर वापरूच नका. कानशिलावर बसणारे हाडातून ऐकवणारे घ्या, नाहीतर फोनचा स्पीकर पुरे. कान उघडे राहिले पाहिजेत, कारण सव्वाशे मीटरवरचा ट्रक कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी कानाला कळतो.

ऊन

ही तक्रार मार्चपासून वाढते. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं कंपनीच सांगते. आमच्याकडे मे महिन्यात ४५ होतं, आणि वर छातीवर, डांबराच्या कडेला, कॅमेरा अखंड चालू. फोन तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. टिक लांबायला लागते, टिक... टिक... अशी. तेव्हाच समजा की तो आता उशिरा पाहतोय. त्यानंतर कॅमेरा बंद होतो. काळं कव्हर काढा, चालताना पॉवर बँक लावू नका, आणि टॉकबॅकमधून किंवा फोनच्या सेटिंगमधून स्क्रीन काळी करून ठेवा (लॉक नव्हे). दुपारी बारा ते चार ॲपवर रस्ता ओलांडायचा विचारच सोडा.

दुसरा दोष सकाळ-संध्याकाळचा, आणि तो रस्त्याच्या दिशेवर अवलंबून आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नागपूर-अमरावती महामार्ग साधारण पूर्व-पश्चिम जातो. तिथे तुम्ही उजवी-डावीकडे पाहता म्हणजे थेट उगवतीला आणि मावळतीला पाहता. कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा या पट्ट्यात सकाळी सात-आठला आणि संध्याकाळी पाच-सहाला सूर्य सरळ लेन्समध्ये येतो, चित्र पांढरं होतं आणि त्याच बाजूची गाडी बुडते. दुसऱ्या बाजूची दिसते, म्हणून वाटतं ॲप नीट चाललंय. उलट हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा हा महामार्ग उत्तर-दक्षिण, तिथे हा त्रास फारसा नाही. लेन्सवर पुठ्ठ्याची छोटी टोपी लावली तर थोडा फायदा होतो. समोर सूर्य असेल त्या बाजूचं ॲपचं गप्प राहणं मुळीच मोजू नका.

रात्री हेडलाइटनं हेच होतं, शिवाय एका गाडीच्या अप्परनं तिच्या मागची दुसरी गाडी पूर्ण झाकली जाते. रात्री मी ॲप फक्त पाटी वाचायला वापरतो.

लेन्स पुसा. धूळ, घाम, खोबरेल तेलाचं बोट. सुती कापडानं, दररोज. याला परिच्छेदभर जागा नको, पण बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

बंडीला गाय म्हणतं

हसू येईल, पण खरं आहे. फोनवरच्या बऱ्याच फुकट यंत्रणा कोकोवर शिकलेल्या आहेत. २०१४ मध्ये आलेल्या त्या संग्रहात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. त्यात जिराफ आहे, हत्ती आहे, पार्किंग मीटर आहे. ऑटोरिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बैलबंडी नाही, शेळी नाही. म्हणून ऑटोला कधी ‘कार’ म्हणतं, कधी ‘ट्रक’. शेळ्यांचा कळप ‘मेंढी’ होतो. बंडी आली की ‘गाय’. ज्याला माहीत आहे तो ‘गाय’ ऐकून थांबतो, ज्याला माहीत नाही त्याला वाटतं गाय काय, हाकलता येईल.

हैदराबादच्या आयआयआयटीनं २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांचा चित्रसंग्रह काढला, त्यात ऑटोरिक्षाला वेगळा प्रकार दिला आहे. पण त्यातली चित्रं हैदराबाद, बंगळुरू आणि आसपासच्या रस्त्यांवर, चालत्या कारमधून घेतलेली आहेत. रस्त्याच्या कडेला छातीच्या उंचीवरून उजवीकडे पाहिलं तर काय दिसतं, ते त्यात कसं येणार?

कापसाच्या दिवसांत म्हणून जास्त सांभाळा. ट्रॅक्टरचा आवाज समोरून निघून गेला म्हणजे रस्ता सुटला असं नाही. मागे ट्रॉली आहे, ती ताडपत्रीसकट दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली असते आणि भरलेली असली की फारशी वाजत नाही. रिकामी ट्रॉली खडखडते, तिची भीती नाही. ॲप या पांढऱ्या ढिगाला बऱ्याचदा काहीच म्हणत नाही. ट्रॅक्टर गेला की पाच मोजा, हुकाचा आवाज आणि मागच्या चाकांची सळसळ पूर्ण पुढे जाऊ द्या, मग काठी पुढे करा.

झेब्रा नसताना झेब्रा

गावाकडच्या राज्यमार्गावर झेब्रा क्रॉसिंग बहुधा नसतंच. असलं तर पुसलेलं. तरी ॲप ‘क्रॉसिंग’ म्हणतं. त्याला दोन गोष्टी फसवतात. एक, गावाच्या आधी रस्त्यावर आडव्या मारलेल्या पातळ पट्ट्या, ज्यांवरून गाडी गेली की तड-तड-तड आवाज येतो. दुसरी, गतिरोधकावर मारलेले पांढरे पट्टे.

पहिली फसवणूक जिवावरची आहे. त्या पट्ट्यांवर गाड्या वेग कमी करत नाहीत. पण दुसरी फसवणूक आपल्या कामाची आहे! गतिरोधक ही आमच्या भागातली रस्ता ओलांडायची सगळ्यात चांगली जागा, झेब्रापेक्षा चांगली. झेब्राला इकडे कुणी थांबत नाही, गतिरोधकाला ड्रायव्हरला गाडीच्या स्प्रिंगचे पाटे वाचवायला हळू व्हावंच लागतं. दोन्ही बाजूंच्या गाड्या तिथे ब्रेक मारतात, गिअर बदलतात, एसटीची मागची खिडकी खणखणते. प्रत्येक गाडी आपण कुठे आहोत ते ओरडून सांगते. आणि गतिरोधक या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ आडवा असतो. त्याच्या चढाची कड काठीच्या टोकानं धरत गेलात तर तिरपं जायचा प्रश्नच मिटतो. होकायंत्र नको, ॲप नको.

ओळखायचं कसं? काठीनं. पातळ पट्ट्या ओळीनं पाच-सहा असतात आणि टोक त्यांवर नुसतं अडखळतं. गतिरोधक एकच, आणि काठी त्यावर चढते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा असेल तर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे पसरट. गावानं स्वतः घातलेला असेल तर अरुंद आणि उभट, तो तर आणखी स्पष्ट लागतो.

एक सावधगिरी. गतिरोधकाचं टोक आणि साइडपट्टीचा मुरूम यांच्यामध्ये हातभर फट राहते. दुचाकीवाले दणका चुकवायला नेमके तिथूनच निघतात, वेग कमी न करता. वाट पाहताना त्या फटीत उभे राहू नका. मुरूमावर दोन पावलं मागे थांबा, फटीतून काही येत नाही हे ऐका, मग पुढे व्हा. ॲपला इथे खरं काम आहे. दुचाकी जवळून जाणार आहे, वेग तुलनेनं कमी आहे, आणि ई-रिक्षा किंवा बॅटरीची स्कूटर असेल तर कानाला ती उशिरा कळते. सात-आठ मीटरवरचं ‘मोटरसायकल’ इथे उपयोगी पडतं.

चौपदरी असेल तर

महामार्ग चौपदरी झाला तिथे वरून ओलांडू नका, ॲप असो वा नसो. गुराढोरांसाठी, बंड्यांसाठी बोगदा काढलेला असतो, अर्धा किलोमीटर चालावं लागलं तरी तिकडून जा. डिवायडर तोडून लोकांनी पाडलेल्या वाटेनं जायचीच वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एका बाजूच्या रस्त्यावर गाड्या एकाच दिशेनं येतात हे कागदावर. पुढचा कट लांब पडतो म्हणून दुचाकी आणि ट्रॅक्टर उलटे येतात. दोन्ही बाजूंना ऐका, दोन्ही बाजूंना वळा.

माणूस असेल तर माणूस घ्या. फाट्यावर चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी असतंच. त्रास हा की लोक पलीकडूनच ओरडतात, “या काकाजी, या, या, खाली आहे रस्ता!” त्या ओरडण्यात गाडीचा आवाज बुडतो, आणि त्यांचा ‘खाली’ हा त्यांच्या पायांच्या वेगानं मोजलेला असतो, आपल्या नाही. हात वर करून सांगा, “भाऊ, इकडे या अन् कोपर द्या.” दंड धरून ओढू देऊ नका, आपण त्यांचं कोपर धरायचं, म्हणजे ते थांबले की आपल्याला कळतं. या वेळी ॲप बंद करा, दोघांचं ऐकत बसलात तर एकाचंही ऐकू येत नाही.

हे सगळं करूनही ॲप वारंवार चुकत असेल तर बनवणाऱ्याला लिहा. नुसतं ‘चालत नाही’ लिहून उपयोग नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचा आकडा, फोन उभा होता की आडवा, वेळ, ऊन कुठल्या बाजूला, गाडी कुठली आणि ॲप काय म्हणालं, हे कळवा. शक्य असेल तर डोळस माणसाकडून त्याच जागेवरून, छातीच्या उंचीवरून, मिनिटभर व्हिडिओ काढून घ्या. त्यात बंडी, ट्रॉली, ऑटो येऊ द्या, कारण नेमकं तेच त्यांच्याकडे नसतं. पावसाळ्यात मात्र लेन्सवर थेंब बसतात, काच आतून धुरकट होते, तेव्हाच्या चुका कळवायच्या भानगडीत पडू नका. त्या चार महिन्यांत फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि हातात काठी.